‘उपवास’ आणि ‘उपाशीपोटी’: मुंबईतल्या पॅथॉलॉजी लॅबचालकांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतील पॅथॉलॉजी लॅबचे संचालक, रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर आणि त्या रिपोर्टचा मराठी मजकूर तयार करून देणारी मंडळी,

स. न. वि. वि.

मी लालबागला राहते. गिरणगावातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत 31 वर्षं विज्ञान शिकवलं आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून चाळीतल्या लोकांचे रक्ता-लघवीचे रिपोर्ट वाचून दाखवणं हे माझं रोजचंच काम झालं आहे. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की कुणी ना कुणी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद घेऊन येतं. हल्ली फोन पुढे करतात. “बाई, जरा बघता का, काय लिहिलंय?” मी डॉक्टर नाही, औषध कधी सांगत नाही. कागदावर जे आहे ते मराठीत सांगते, एवढंच.

हे पत्र मात्र शेजाऱ्यांसाठी म्हणून सुरू झालेलं नाही. माझ्याच घरात जे घडलं त्यावरून लिहिते आहे.

माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, 83 वर्षांच्या आहेत. कोकणातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकल्या. रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. त्यांना मधुमेह आहे, गोळी चालू आहे. मी दोन दिवस लेकीकडे डोंबिवलीला गेले होते. तेव्हा नातवाने त्यांच्या तपासणीची वेळ तुमच्यापैकी एका लॅबच्या ॲपवरून ठरवली. माईंना मराठी वाचता यावं म्हणून त्याने भाषा मराठी निवडली. रात्री त्यांच्या फोनवर संदेश आला: “आपल्या चाचणीसाठी 12 तास उपवास आवश्यक आहे.”

माईंनी तो संदेश दोनदा वाचला आणि रात्रीच साबुदाणा भिजत घातला.

सकाळी साडेसातला त्यांनी दाण्याचं कूट घालून वाटीभर खिचडी खाल्ली. अन्नाचा कण घेतला नाही. उपवास म्हणजे काय ते त्यांना साठ-सत्तर वर्षं माहीत आहे. नऊ वाजता रक्त घ्यायला मुलगा आला. दारातूनच विचारलं, “फास्टिंग है ना?” माई म्हणाल्या, “हो, उपास आहे.” दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नाही.

रिपोर्टात उपाशीपोटीची साखर 214 आली. आमच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि गोळीची मात्रा वाढवली. त्यांच्या हातात जो आकडा आला होता त्यावर त्यांनी तेच करायला हवं होतं. चौथ्या रात्री अडीचच्या सुमाराला माईंच्या कण्हण्याने मला जाग आली. नऊवारीचा पदर घामाने भिजून अंगाला चिकटला होता, हाताची बोटं थरथरत होती आणि त्या मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत होत्या. घरातल्या यंत्रावर साखर 52 दाखवली. साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, शुद्ध ठिकाणावर आली, मग टॅक्सी करून दवाखान्यात नेलं. दोन दिवस तिथे राहावं लागलं. नंतर खरोखर उपाशीपोटी केलेल्या तपासणीत साखर 118 निघाली आणि तीन महिन्यांची शुगर 6.7 टक्के. म्हणजे आधीच्या गोळीत काहीही बदल करण्याची गरज नव्हती.

ही चूक एका शब्दाची आहे. ती का झाली हे मला शिक्षिका म्हणून सांगावंसं वाटतं, कारण यात शरीराचं रसायनशास्त्र आणि आपली भाषा अगदी एकमेकांत गुंतलेली आहेत.

चयापचय हा शब्द मी वर्गात फोडून सांगायची. चय म्हणजे रचणं, साठवणं. अपचय म्हणजे साठवलेलं मोडून वापरायला काढणं. जेवल्यावर रक्तातलं ग्लुकोज वाढतं, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं आणि यकृत त्यातलं बरंचसं ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात ठेवून देतं. ही चयाची वेळ. रात्री झोपेत, पोटात काही नसताना, यकृत तेच ग्लायकोजेन मोडून हळूहळू ग्लुकोज रक्तात सोडतं, नाहीतर मेंदूला ऊर्जा कुठून मिळणार? ही अपचयाची वेळ. उपाशीपोटीची तपासणी या दुसऱ्या वेळी शरीराचा तोल कसा राहतो ते पाहते. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. तो खाऊन दीड तासाने रक्त घेतलं म्हणजे तपासणी अपचयाची मागवली आणि मोजला चय. कागदावर मात्र ‘उपवास साखर’ असंच छापून आलं.

मराठीत ‘उपवास’ म्हटलं की साबुदाणा, वरी, रताळं, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे हे आपोआप आलं. काहींचा निर्जळी असतो, ते तपासणीच्या आधी पाण्याचा थेंबही घेत नाहीत, तेही बरोबर नाही. या कामासाठी आपल्याकडे नेमका शब्द आधीपासून आहे, ‘उपाशीपोटी’. माझ्या आजीलाही तो माहीत होता. औषधाच्या पुडीवर आमचे जुने फॅमिली डॉक्टर तोच लिहायचे. तुमच्या भाषांतर करणाऱ्या यंत्राला तो सापडला नाही, कारण तुमच्याकडे कुणी त्या यंत्राचं काम वाचून पाहिलंच नाही.

मी हे सगळं त्या लॅबला लेखी कळवलं. उत्तर आलं नाही म्हणून स्वतः काउंटरवर गेले. तिथल्या व्यवस्थापकांनी बसायला खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं, दिलगिरीही व्यक्त केली. पंधरा दिवसांनी ॲपमधून मराठीचा पर्यायच गायब झाला. पुन्हा चौकशी केली तेव्हा सांगण्यात आलं की चुका होत असल्याच्या तक्रारी आल्या म्हणून मराठी बंद केली आहे. आता माईंना इंग्रजीत संदेश येतो: “ट्वेल्व्ह अवर्स फास्टिंग मँडेटरी.” सातवी शिकलेल्या माईंना तो वाचताही येत नाही.

हा निर्णय मला मान्य नाही. शब्द चुकला तर शब्द दुरुस्त करायचा असतो. एका लॅबने हे केलं म्हणून मी सगळ्यांना का लिहिते आहे, असं तुम्ही विचाराल. कारण गेल्या सहा वर्षांत माझ्या समोर आलेल्या कागदांवर वेगवेगळ्या लॅबची नावं होती आणि दुखणं सगळ्यांचं सारखंच होतं.

खालच्या मजल्यावरच्या काकांचंच घ्या. त्यांच्या लघवीच्या रिपोर्टात मराठीत छापलं होतं, “पित्त रंगद्रव्ये: उपस्थित.” काकांनी ‘पित्त’ वाचलं आणि दहा दिवस कोकम सरबत, सोडा आणि पित्ताची गोळी घेत राहिले. आपल्या बोलण्यात पित्त म्हणजे छातीत जळजळ, म्हणजे जठरातलं आम्ल. अंगावर पित्त उठतं ते वेगळंच, ती ॲलर्जी. वैद्य पित्तप्रकृती म्हणतात ते आणखी वेगळं. आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा, अन्नातली चरबी फोडणारा पित्तरस हा चौथा. रिपोर्टातलं पित्त हे चौथं होतं. लघवीत त्याचा रंग उतरतो तेव्हा बहुधा यकृतात बिघाड असतो किंवा पित्ताची वाट अडलेली असते. काकांचे डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांना कळलं. नळीत खडा अडकला होता. “लघवीत काविळीचं लक्षण दिसते, आजच डॉक्टरांना दाखवा” एवढं एक वाक्य त्या कागदावर असतं तर?

दुसरं म्हणजे हिंदीतून उचललेले शब्द. मराठीत पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यात लहान जिवंत घटक, हिंदीत ज्याला कोशिका म्हणतात तो. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. आणि मराठीतला स्नायू हिंदीत गेला की कित्येकदा मज्जातंतू होतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसोबतच्या सूचनापत्रात मी स्वतः “पेशींमध्ये वेदना झाल्यास कळवा” असं वाचलं आहे. सांगायचं होतं की हातापायांचे स्नायू दुखले तर कळवा. ज्या बाईंना हा कागद मिळाला होता त्यांनी पेशी हा शब्द आयुष्यात एकाच आजाराच्या संदर्भात ऐकला होता. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मेदाच्या जागी ‘वसा’, मूत्रपिंडाच्या जागी ‘गुर्दा’ हे तर नेहमीचंच. एका कागदावर युरीन कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी, ‘मूत्र संस्कृती’ छापलेलं होतं. तो कागद ज्यांचा होता त्यांना ताप होता, जंतुसंसर्ग होता, आणि आपली कसली तपासणी झाली आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसरी गोष्ट भाषांतराची नाही, न सांगण्याची आहे. आकड्याशेजारी तुम्ही ‘एच’ किंवा ‘एल’ छापता. टीएसएचपुढे ‘एच’ दिसला की माणूस समजतो थायरॉइड वाढलाय. खरं तर बहुतेक वेळा नेमकं उलट असतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी काम करते म्हणून मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला जास्त जोराने आज्ञा पाठवते, आणि त्या आज्ञेचं मोजमाप म्हणजे टीएसएच. आमच्या समोरच्या खोलीतल्या सुनेने “आधीच वाढलाय, वर गोळी कशाला” म्हणून दोन महिने गोळी बंद ठेवली. ती बी.कॉम. आहे. तेव्हा हा प्रश्न अडाण्यांचा आहे असं कृपा करून समजू नका.

इथे परिभाषेबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. प्रत्येक शब्दाला संस्कृत पर्याय हवा असा माझा आग्रह मुळीच नाही. ग्लुकोज, इन्सुलिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल हे शब्द आता मराठीच आहेत, भाजीवालीच्या तोंडीही आहेत. एन्झाइमसाठी जुन्या पुस्तकांत मी वितंचक वाचलं, नंतरच्या पुस्तकांत विकर शिकवलं, आणि मुलं पुढे महाविद्यालयात जाऊन एन्झाइमच म्हणाली. मूत्रपिंड आणि वृक्क यांचंही तसंच. मूळ शब्द तरी कुठे आभाळातून पडला? 1870 च्या दशकात विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतल्या ‘खमिरात’ अशा अर्थाच्या शब्दावरून एन्झाइम हे नाव घडवलं. त्यांनी पाव आंबवणाऱ्याच्या घरातला शब्द उचलला. आपल्याही घरात विरजण आहे, आंबवणं आहे. वर्गात मी मुलांना पोळीचा कोरडा घास तोंडात धरून सावकाश चावायला लावायची. थोड्या वेळाने कुणीतरी ओरडायचंच, “बाई, गोड लागतंय!” लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडून साखर करतं हे त्या घासानंतर एकाही मुलाला पाठ करावं लागलं नाही.

म्हणून उलट बाजूनेही सांगते. नुसता पाठ्यपुस्तकी शब्द फेकून काम भागत नाही. आहाराच्या कागदावर “कर्बोदके कमी करा” लिहिलं होतं, ते वाचून एका आजोबांनी आंबा सोडला आणि दोन्ही वेळचा भात तसाच ठेवला. कर्बोदके हा शब्द चांगला आहे, पण त्याच्या शेजारी भात, पोळी, पोहे, बटाटा, साबुदाणा, साखर ही नावं हवीत. आणि लोक स्वतः जे शब्द घडवतात त्यांच्याकडे लक्ष द्या. एचबीएवनसी म्हणायला कुणाची जीभ वळत नाही, म्हणून सगळी मुंबई ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणते. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटलं ते ही तपासणी मोजते. लोकांनी दिलेलं नाव शास्त्राला धरून आहे. तुमच्या कागदावर मात्र ते अजून आलेलं नाही.

या शहराला जीवरसायनशास्त्र परकं नाही. डॉ. कमला सोहोनी यांना 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्या हटल्या नाहीत, पुढे केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर, कडधान्यांवर, म्हणजे गरिबाच्या ताटात जे असतं त्यावर संशोधन केलं. 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच तो रक्तगट नोंदवला जो आज जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून शिकवला जातो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण त्या माणसाला ‘ओ’ गटाचं रक्त चालत नाही. कागदावरचं एक अक्षर जिवावर बेतू शकतं, हे मुंबईच्या लॅबना मी सांगावं अशी वेळ यायला नको होती.

2022 साली राज्याच्या दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या. तुमच्याही दारावर ठळक देवनागरी अक्षरं आहेत. मराठीला 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. पाटी बाहेर असते. रुग्णाच्या हातात कागद असतो.

मागण्या मोठ्या नाहीत.

ज्यांनी मराठी बंद केली त्यांनी ती पुन्हा सुरू करावी, आणि या वेळी माणसाने लिहिलेली, डॉक्टरांनी व मराठी जाणणाऱ्या व्यक्तीने तपासलेली. यंत्राचा मजकूर कुणीही न वाचता रुग्णाला पाठवू नये.

तपासणीच्या आधीचा संदेश आजच बदलावा, त्याला समितीची गरज नाही. मी लिहून देते: “उपाशीपोटी तपासणी. रात्री जेवल्यानंतर रक्त देईपर्यंत सांगितलेले तास काहीही खाऊ नये. चहा, दूध, फळं, साबुदाणा किंवा उपवासाचे कोणतेही पदार्थ चालणार नाहीत. साधं पाणी प्यावं. नेहमीच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते आपल्या डॉक्टरांना विचारावं.”

रक्त घ्यायला येणाऱ्या मुलामुलींना एक प्रश्न मराठीत शिकवावा: “शेवटचं काय खाल्लंत, किती वाजता?” आणि उत्तर रिपोर्टावर छापावं. हे एवढं झालं असतं तर आमच्या डॉक्टरांना 214 च्या शेजारी ‘सकाळी साडेसात, साबुदाण्याची खिचडी’ दिसलं असतं आणि त्यांनी तो आकडा तिथेच बाजूला ठेवला असता. माझ्या मते ही मागणी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे, आणि तिला खर्च शून्य आहे.

डॉक्टरांसाठी इंग्रजी रिपोर्ट जसा आहे तसा असू द्या. त्याला मराठीचं एक पान जोडा. त्यावर तपासणीचं रूढ नाव, ती शरीरातलं काय मोजते याचं एक वाक्य, ‘एच’ आणि ‘एल’ऐवजी ‘जास्त’ आणि ‘कमी’, आणि टीएसएचसारख्या ठिकाणी त्याचा अर्थ. कोणता आकडा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तेही लिहा. औषधाचा सल्ला देऊ नका, तो तुमचा प्रांत नाही.

आणि सगळ्या लॅबनी मिळून शब्द एकच ठरवावेत. नेहमीच्या तपासण्यांना शंभर-दीडशे शब्द पुरतात. परिभाषा कोश सरकारने छापलेले आहेत, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद 1966 पासून मराठीतून विज्ञान सांगण्याचं काम करते आहे. माणसं या शहरातच आहेत. एका लॅबमध्ये यकृत, दुसरीत जिगर, तिसरीत लिव्हर असं असलं की दोन महिन्यांनी लॅब बदलणाऱ्या रुग्णाला वाटतं की नवाच आजार निघाला.

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. सहा वर्षांत लोकांनी मला विचारलेले शब्द, त्यांचा झालेला गैरसमज आणि त्यांना अखेर कोणत्या वाक्याने कळलं, हे तिच्यात लिहून ठेवलं आहे. ती मी तुमच्यापैकी कुणालाही द्यायला तयार आहे. दुपारी दोन ते पाच मी मोकळी असते. बोलावलंत तर येईन, मोबदला नको.

माईंची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. संदेश त्या स्वतःच वाचणार आहेत. त्याआधी तो बदललेला असेल की नाही, एवढं कृपया कळवावं.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
लालबाग, मुंबई